पाचवी बंदी

पारनेर तालुक्याला सोडण्याचा अनुभव दांडगा. राळेगणसिद्धीने दारू सोडली, विडी-तंबाखूला गावच्या दुकानांतून हद्दपार केलं, झाडांवर कुऱ्हाड चालवणं सोडलं, डोंगरावर मोकाट जनावरं चारणं सोडलं. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात पाऊस हमखास दगा देतो, म्हणून कित्येकांनी गावच सोडलं आणि मुंबई-ठाण्याची वाट धरली. त्यागाचा एवढा वारसा असलेल्या तालुक्याला एक गोष्ट मात्र अजून सोडता आलेली नाही. ती रात्री उशाशी चार्जिंगला लावलेली असते.

अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून राळेगणला परतले, तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या जोरात होत्या. पुढे गावाने जी पंचसूत्री धरली, ती महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनीही सामान्यज्ञानासाठी पाठ केली: नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. म्हणजे बंद्या चार. पाचवी, मोबाईलबंदीची, आता आणलीच पाहिजे, अशी चर्चा तालुक्यात अधूनमधून रंगते. ती व्हॉट्सॲपवर रंगते.

सोशल मीडिया सोडावा असा विचार मनात आला की माणूस तो आधी बायकोला सांगत नाही, फेसबुकला सांगतो. ‘मित्रांनो, काही काळ या माध्यमापासून दूर जात आहे. कृपया कारण विचारू नये.’ सोबत स्वतःचा गॉगल लावलेला फोटो. एवढं टाकून पठ्ठ्या कारण कोण विचारतंय याची वाट बघत बसतो. ‘लवकर परत या शेठ’, ‘समाजाला आपली गरज आहे दादा’ अशा विनवण्या येऊ लागतात. त्यात एखादा घाईतला दोस्त फक्त फोटो आणि ‘दूर जात आहे’ एवढंच वाचतो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून मोकळा होतो. मग आपण हयात आहोत हे सांगण्यासाठी शेठना परत यावं लागतं. संन्यास संपतो.

यात पारनेरकरांनाच हसायचं कारण नाही. २ मार्च २०२० च्या रात्री खुद्द पंतप्रधान नरेंद्र मोदींनी ट्वीट केलं की, येत्या रविवारी फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवरची खाती सोडण्याचा विचार आहे. देशभर धांदल उडाली. अमृता फडणवीस यांनी आपणही नेत्याच्याच वाटेने जाणार असल्याचं ट्वीट केलं. खाती सोडण्यापेक्षा द्वेष सोडा, असं राहुल गांधींनी सुनावलं, तेही ट्विटरवरूनच. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. रविवारी ८ मार्च, म्हणजे महिला दिन होता आणि त्या दिवसापुरती खाती कर्तबगार स्त्रियांच्या हाती जायची होती. महाराष्ट्रातून बंजारा हस्तकलेसाठी काम करणाऱ्या विजया पवार त्यांत होत्या. सोमवारी सगळं पूर्ववत सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १५ मार्च २०२१ ला, आमिर खानने वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आभार मानता मानता ही आपली शेवटची पोस्ट असल्याचं जाहीर केलं आणि एरवी तरी आपण इथे कुठे फार असतो, अशी कोपरखळी स्वतःलाच मारून घेतली.

खरं नाहीसं व्हायचं तर ते कसं, हे पारनेरमध्येच जन्मलेल्या सेनापती बापटांकडून शिकावं. पॅरिसहून बॉम्बविद्येची पुस्तिका घेऊन १९०८ साली ते हिंदुस्थानात परतले. अलीपूर बॉम्बखटल्यात नाव निघाल्यावर जे भूमिगत झाले, ते १९१२ पर्यंत इंग्रज सरकारच्या हाती लागले नाहीत. जाण्याआधी त्यांनी ‘काही दिवस ऑफ आहे’ असं स्टेटस ठेवलं नव्हतं.

तालुक्यात इंटरनेटवरून माघार घेण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग घडला, तो खुद्द राळेगणात. २०११ हे साल अण्णांचं होतं आणि त्यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या यशात फेसबुक, मिस्ड कॉल आणि वृत्तवाहिन्या यांचा वाटा मोठा होता. यादवबाबांच्या मंदिरात राहणारा, गांधीटोपी घालणारा माणूस देशातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोफाईलवर जाऊन बसला. १६ ऑगस्टला अण्णांना अटक करून तिहारमध्ये नेलं, तर किरण बेदींनी आत चित्रित केलेला त्यांचा संदेश यूट्यूबवर आला. तुरुंगाच्या भिंतींना तोवर अशी सवय नव्हती.

मग आला ऑक्टोबर. १६ तारखेला अण्णांनी राळेगणात मौनव्रत धरलं. आता वाणीला विश्रांती मिळणार, अशी समजूत असलेल्यांची निराशा झाली, कारण बोलणं बंद होतं, लिहिणं नव्हतं. अण्णा कागदावर लिहीत आणि पत्रकार राजू परुळेकर चालवत असलेल्या ब्लॉगवर ते देशाला वाचायला मिळे. देशातला सर्वांत बोलका मौनी माणूस तेव्हा पारनेर तालुक्यात होता. ४ नोव्हेंबरला दिल्लीत राजघाटावर मौन सुटलं आणि खरी गंमत सुरू झाली. आंदोलन चालवणाऱ्या टीम अण्णाची कोअर कमिटी बदलायची असल्याचा मजकूर ब्लॉगवर आला होता. तसा काही विचार नाही, असं अण्णांनी सांगितलं. परुळेकरांनी अण्णांच्या हस्ताक्षरातलं पत्रच जगापुढे ठेवलं. अण्णांनी ब्लॉग बंद करत असल्याचं जाहीर केलं. मौनात चाललेला ब्लॉग बोलायला लागल्यावर बंद पडला.

ब्लॉग बंद झाला म्हणून अण्णा काही सुटले नाहीत. पेट्रोलचे भाव चढले, रुपया घसरला, कुठे घोटाळा निघाला की आजही कोणीतरी सोफ्यावर लोळत ‘अण्णा कुठे आहेत?’ असं टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये तर पुण्यात अण्णांना जागं करणारे फलक लागले. आपण सोशल मीडिया सोडला तरी सोशल मीडिया आपल्याला सोडेलच असं नाही.

फेसबुक म्हणजे तरी परकी माणसं. तिथून निघून गेलं तर फारतर शाळेतला एक मित्र चौकशी करील. पारनेरमध्ये खरी कसोटी असते व्हॉट्सॲपचा ग्रुप सोडण्याची. साध्यासुध्या माणसाच्या वाट्याला येणारे ग्रुप मोजून बघा: भावकी, वस्ती, दहावीची बॅच, गावचं मुंबईकर मंडळ, दूध संस्था, शाळेचे पालक, यात्रा कमिटी, आणि मागच्या निवडणुकीत कोणीतरी न विचारता घातलेला एक. पूर्वी ग्रुप सोडला की तशी ओळ सगळ्यांना दिसायची. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने दया दाखवली आणि माणूस निघून गेल्याचं फक्त ॲडमिनला कळेल अशी सोय केली. कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांना भावकी ठाऊक नाही. भावकीच्या ग्रुपवर निम्मे लोक ॲडमिन असतात, कारण एकाला केलं आणि दुसऱ्याला नाही केलं, तर बांधाचा जुना वाद निघतो.

पुढचं घराघरांत साधारण एकाच पद्धतीने होतं. सकाळी ग्रुप सोडला, की दुपारच्या आत चुलत्याचा फोन.

‘काय रं, काय झालं?’

‘काही नाही तात्या, मोबाईल जरा कमी करतोय.’

‘मपलं काही चुकलं का?’

‘नाही हो तात्या.’

‘मग त्या विहिरीच्या पाळीचं मनात धरलं का?’

‘तात्या, डोळे दुखत्यात. दुसरं काही नाही.’

‘डोळे दुखत्यात तर नगरला दाखव की. त्याला ग्रुप कशाला सोडाया पाहिजे?’

संध्याकाळी तात्यांनी पुतण्याला परत आत घेतलेलं असतं आणि खाली गुलाबाच्या फुलांसह पाच जणांनी ‘स्वागत’ केलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की, ॲडमिनचा अधिकार माणसं घेण्या-काढण्यापुरता मर्यादित असतो. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, त्याला जबाबदार धरता येत नाही. घेण्या-काढण्याचा हा मर्यादित अधिकार तात्या अमर्याद वापरतात.

यावर शहरातले शहाणे म्हणतील, की मग खातंच उडवा ना! तेही इतकं सोपं ठेवलेलं नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर खातं काढून टाकायचा अर्ज केला, तरी ३० दिवस वाट पाहिली जाते. तेवढ्यात एकदा जरी लॉगइन केलं आणि मन बदलल्याचं सांगितलं, की खातं जसंच्या तसं हजर. सासरी निघालेली मुलगी वेशीवरून परत फिरेल या आशेवर बसलेल्या आईलाही कोणी ३० दिवस देत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये एक सामुदायिक प्रयत्न झाला होता. व्हॉट्सॲपने गोपनीयतेचं नवं धोरण ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा असं बजावलं आणि लोक खवळले. ‘आजच व्हॉट्सॲप सोडा, सिग्नलवर या’ हा संदेश महाराष्ट्रभर फिरला आणि फिरला तो व्हॉट्सॲपवरून. कंपनीने मुदत १५ मेपर्यंत वाढवली. मधल्या काळात सिग्नलवर गेलेल्या बहाद्दरांना तिथे ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारं कोणी सापडेना, तेव्हा ते निमूट परतले.

थट्टा बाजूला ठेवली तर पारनेरकराला मोबाईल न सुटण्याची कारणं पक्की आहेत. कान्हूर पठाराकडचा वाटाणा तोडायचा की आणखी दोन दिवस थांबायचं, हे पुण्याच्या बाजारातून आलेल्या भावावर ठरतं आणि तो भाव ग्रुपवर येतो. कांद्याचंही तेच. शेतीपंपाची लाईट या आठवड्यात दिवसा की रात्री, टँकर कोणत्या वस्तीवर पोचला, दुधाला किती फॅट लागली, हे सगळं तिथेच. घाटकोपरला चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला निघोजच्या मळगंगेची यात्रा किंवा कोरठणच्या खंडोबाचा पालखी सोहळा मोबाईलवर दिसतो, तेव्हा तो दहा बाय बाराच्या खोलीत उभा राहून हात जोडतो. आणि दशक्रियेची बातमी! कोण गेलं, विधी कोणत्या घाटावर, प्रवचन कोणत्या महाराजांचं, किती वाजता. हा संदेश चुकला तर नात्यात जन्मभराचा बोल लागतो. ‘मी सोशल मीडियावर नाही’ ही सबब नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही दशक्रियेला आजवर चाललेली नाही.

या दळणवळणाची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. काहींना मोबाईल खाली ठेवावा असं जे वाटतं, ते उगाच नाही.

राजकारण्यांना तर हा विचारसुद्धा परवडत नाही. पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके यांनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाळवणीला मोठं कोविड सेंटर उभं केलं आणि तिथे जमिनीवर झोपलेल्या आमदाराचे फोटो तालुक्याची हद्द ओलांडून राज्यभर गेले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुजय विखे पाटलांनी त्यांच्या इंग्रजीचा विषय काढला. लंके निवडून आले आणि जूनमध्ये लोकसभेत त्यांनी इंग्रजीतून शपथ घेतली. मिनिटभराची ती शपथ पारनेरच्या चहाच्या टपरीवर पुढचे कित्येक दिवस कानाला लावून आणि फोन पालथा-उताणा करून ऐकली गेली. क्लिप नसती तर शपथ फक्त सभागृहानेच ऐकली असती.

सोडल्यावर नेमकं काय होतं, हे अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी रीतसर तपासलंय. २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीआधी हंट ऑलकॉट, मॅथ्यू गेंट्झकाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. चार आठवड्यांसाठी साधारण १०० डॉलर मिळाले तर सोडतो, असा मधला भाव निघाला. सोडणाऱ्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला. त्यात ते घरच्यांशी, मित्रांशी बोलले आणि एकट्याने टीव्हीही बघत बसले. जीव थोडा, पण मोजता येईल इतका सुखावला. बातम्यांचं ज्ञान मात्र घटलं. पारनेरच्या हिशेबात याचा अर्थ असा की, चित्त शांत होईल, पण वाटाण्याचा भाव कळणार नाही.

फुकटात असाच एक प्रयोग ४ ऑक्टोबर २०२१ ला झाला. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडलं आणि सहाएक तास बंदच राहिलं. पहिला अर्धा तास महाराष्ट्राने फोन बंद-चालू करण्यात घालवला. नंतर रिचार्ज संपलं का ते तपासलं. नंतर मात्र बराच मुलूख लवकर झोपला.

तेव्हा पाचवी बंदी आणायची तरी कशी? राळेगणची जुनी रीत आता उपयोगाची नाही. तिथे दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला खांबाला बांधून मारण्यापर्यंत मजल गेली होती, हे अण्णांनीच सांगितलेलं आहे. मोबाईलसाठी कोणाला खांबाला बांधलं, तर पहिला फटका पडायच्या आत क्लिप व्हायरल होईल आणि बांधलेला माणूसच ती मागून घेईल.

दुसरी रीत मतदानाची. दारूच्या दुकानासाठी महाराष्ट्रात कायद्याने तशी सोय आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त जणींनी आडवी केली, की दुकान बंद. निघोजच्या महिलांची दारूविरोधी लढाई तालुक्याला चांगली आठवते. पण मोबाईलच्या मतदानाला चिन्हं कोणती देणार? उभा मोबाईल म्हणजे रील आणि आडवा मोबाईल म्हणजे क्रिकेटची मॅच. कोणत्याही बाजूने कौल दिला तरी चालूच.

तिसरी रीत सांगली जिल्ह्यात सापडली. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. साडेआठला दुसरा भोंगा, की सुटका. मोबाईल कायमचा सोडा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून लोकांनी ऐकलं. सुरुवातीला शिक्षक आणि अंगणवाडीताई घरोघर डोकावून जायच्या, हेही खरं. आपल्या जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड करायचा ठराव केला आणि त्याच्याच जोडीला शाळकरी मुलांना संध्याकाळी सात ते नऊ मोबाईल न देण्याचंही ठरवलं. मोबाईल काढून घेतल्यावर पोरगं जे पुटपुटतं ते पहिल्या कलमात बसतं की दुसऱ्या, हा बारकावा ग्रामसभेवर सोपवावा. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची दारं १० डिसेंबर २०२५ पासून बंद केली, त्यासाठी त्यांना संसदेत कायदा करावा लागला. वडगावचं काम देवळावरच्या भोंग्यात झालं.

या दोन गावांतून दिसतं ते एवढंच की, एकट्याने सोडायला गेलं की तात्यांचा फोन येतो. सगळ्यांनी मिळून दीड तास सोडलं, तर फोन करायला तात्याही ग्रुपवर नसतात.

राहता राहिला ठराव. पारनेर तालुक्यातल्या सगळ्या सरपंचांना विनंती, की येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘रोज संध्याकाळी दीड तास मोबाईल बंद’ हा एक विषय घ्या. दिवेलागणीनंतरची वेळ ठेवा. दुधाची घाई उरकलेली असते, बाजारभाव येऊन गेलेले असतात आणि दशक्रिया तर सकाळीच असते. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती लागते. गावच्या ग्रुपवर पाचशे जण रोज हजर असतात आणि ग्रामसभेला तेवढी शंभर डोकी जमता जमत नाहीत, म्हणून नोटीस ग्रुपवर टाकून थांबू नका. तिथे सगळे अंगठा दाखवतील आणि घरीच बसतील. यावेळी दवंडी द्या.